जुना फ्लॅट की नवा? जबलपूरच्या सरकारी घरांचा इतिहास आणि हिशेब



आजचा विषय इतिहासाचा आहे, पण त्याची सुरुवात आमच्या घरातल्या चहापासून झाली. माझी पुतणी आणि जावई एका रविवारी सकाळी आले. दोघंही जबलपूरचेच. ती बँकेत, तो शाळेत शिक्षक. लग्नाला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून भाड्याच्या घरात. आता घर घ्यायचं ठरलंय. खासगी बिल्डरकडे जायची दोघांचीही तयारी नाही, त्यामुळे सरकारी योजनेतलंच घर हवं, इतकं पक्कं. पाहून पाहून दोन फ्लॅट उरले होते आणि दोन्हींची किंमत जवळपास सारखी.

पहिला जुना. १९८५ च्या आसपासचा, तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर. जाड भिंती, पुढे व्हरांडा, बाहेर कडुनिंब. लिफ्ट नाही. बाजार, दवाखाना, तिच्या आईचं घर, सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. दुसरा नवा. सात मजली इमारत, पाचवा मजला, खाली पार्किंग, दोन लिफ्ट. पण शहराच्या पार कडेला.

तिनं विचारलं, "काका, तुम्ही सांगा. कुठला घेऊ?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "अगं, जुना घे. तेव्हाचं बांधकाम ते बांधकाम."

तिनं विचारलं, "म्हणजे नेमकं काय?"

आणि मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. आयुष्यभर इतिहास वाचला, पण ज्या शहरात राहतो तिथली साधी घरं कुणी बांधली, कशी बांधली, कुठल्या कायद्याखाली बांधली, हे मला धड सांगता येईना. मग मी तिला दोन आठवडे थांबायला सांगितलं. त्या दोन आठवड्यांत जे हाती आलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो. तुम्ही जबलपूरचे नसाल, नागपूर, इंदूर, बेळगाव किंवा ठाण्याला असाल, तरी शेवटपर्यंत थांबा. यातलं बरंचसं तुमच्याही इमारतीला लागू आहे.

एका कायद्याची दोन लेकरं

सरकारनं लोकांसाठी घरं बांधावीत, ही कल्पना आपल्याकडे आली ती रोगराईतून. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या, उजेड नसलेल्या चाळींत माणसं पटापट मेली. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. पुढे १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, खोली १६० चौरस फुटांची. आमच्या मध्य प्रांतात नागपूरला १९३६ च्या कायद्यानं सुधार प्रन्यास आला.

जबलपूरची गोष्ट थोडी वेगळी. इथे आधी घरं बांधली ती मालकांनी, आपल्या नोकरांसाठी. १८७० मध्ये मुंबईकडून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली रेल्वे जबलपूरला एकमेकींना मिळाली आणि रेल्वेची वसाहत वाढली. १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी आली, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला. त्यांचे क्वार्टर्स आले. पण क्वार्टर म्हणजे नोकरी आहे तोवर छप्पर. निवृत्तीच्या दिवशी किल्ली परत. ज्याला आपलं म्हणावं असं घर साध्या पगारदाराला कुठून मिळणार, याचं उत्तर तेव्हा नव्हतं.

ते उत्तर १९५० मध्ये आलं, आणि इथे एक गंमत आहे. २६ जानेवारी १९५० ला 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार' या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं. राजधानी नागपूर, मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ आणि जबलपूर, सगळे एकाच राज्यात. त्याच वर्षी या राज्यानं 'मध्य प्रदेश हाउसिंग बोर्ड ॲक्ट' केला. सरकारी मंडळ जमीन घेईल, घरं बांधेल आणि लोकांना देईल, असा तो कायदा.

मग १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. पण १९५० चा तो कायदा विदर्भात तसाच चालू राहिला. त्याखाली विदर्भाचं गृहनिर्माण मंडळ काम करत राहिलं, ते थेट महाराष्ट्रानं १९७६ चा म्हाडा कायदा करेपर्यंत. डिसेंबर १९७७ मध्ये म्हाडा अस्तित्वात आलं आणि विदर्भाचं मंडळ त्यात विलीन झालं. इकडे नव्या मध्य प्रदेशानं १९७२ मध्ये आपला वेगळा गृहनिर्माण मंडळ कायदा केला.

म्हणजे नागपूरच्या म्हाडा वसाहतीत राहणारा माणूस आणि जबलपूरच्या हाउसिंग बोर्डाच्या घरात राहणारा माणूस, दोघांच्या घराची आजी एकच. १९५६ नंतर दोन लेकरं दोन घरी वाढली. त्यांचे स्वभाव वेगळे का झाले, हे पुढे कळेल.

जबलपूरला राजधानी व्हायचं होतं. ती भोपाळला गेली. जबलपूरला मिळालं उच्च न्यायालय. नागपूरचं उच्च न्यायालयच कायद्यानं नव्या मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय ठरलं आणि त्याचं मुख्य पीठ जबलपूरला बसलं. नागपूरचे मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हेच इथले पहिले मुख्य न्यायाधीश. न्यायाधीश आले म्हणजे वकील, कारकून, टंकलेखक, शिरस्तेदार आले. विद्युत मंडळाचं मुख्यालय इथेच राहिलं. १९६९ मध्ये वाहन कारखाना सुरू झाला. भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी घरं होतीच, त्यांत या नोकरदारांची भर पडली. या सगळ्यांना घर हवं होतं, आणि त्यांच्याकडे एकरकमी पैसा नव्हता.

भिंतींचं घर

१९७० मध्ये दिल्लीत हुडको स्थापन झालं. राज्यांच्या मंडळांना घरांसाठी कर्ज द्यायचं, हे त्याचं काम. आपण आज सहज बोलतो ते ईडब्ल्यूएस, एलआयजी, एमआयजी, एचआयजी हे शब्द याच कर्जाच्या व्यवहारातून घराघरांत पोचले. उत्पन्नाप्रमाणे गट, गटाप्रमाणे घराचा आकार, आकाराप्रमाणे हप्ता. आमच्या धन्वंतरी नगरात पत्ता सांगताना आजही लोक 'एमआयजी अमुक' किंवा 'एलआयजी तमुक' असाच सांगतात. मिळकतीचा गट हाच घराचा पत्ता झाला!

बरीच घरं भाडे-खरेदी पद्धतीनं दिली गेली. दरमहा हप्ता भरायचा, शेवटचा हप्ता भरेपर्यंत घर मंडळाचं. आणि नंतरही जमीन बहुधा पट्ट्यावर, म्हणजे लीजवर. साधारण तीस वर्षांचा पट्टा, वर्षाला भूभाटक, मुदत संपली की नूतनीकरण. हे लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

आता बांधकाम. त्या काळच्या दोन-तीन मजली इमारती बहुतेक 'लोड बेअरिंग' असत. म्हणजे खांबांचा सांगाडा नाही. स्लॅबचा सगळा भार विटांच्या भिंतींवर. सिमेंट आणि लोखंड महाग आणि परवान्याचं, वीट स्वस्त आणि गावातली. म्हणून भिंती नऊ इंची, कुठे त्याहून जाड. म्हणून खोल्या लहान, कारण स्लॅबला आधार जवळ-जवळ लागतो. आणि म्हणून वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीच्या बरोबर डोक्यावर. आपल्याला जुनी घरं मे महिन्यात थंड वाटतात ती या जाडीमुळे. त्यात कुठली जुनी विद्या वगैरे नाही. सिमेंटची टंचाई होती, तिचा हा फायदा.

भिंतींच्या घराला दोन गोष्टी लागतात. एक, पाया. जबलपूरच्या काही भागांत मदनमहालच्या टेकड्यांचा ग्रॅनाइट आहे आणि काही भागांत काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचं घर तिच्याबरोबर हलतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना हे नव्यानं सांगायला नको. पाया उथळ असेल तर उन्हाळ्यात तडे रुंदावतात, पावसाळ्यात मिटल्यासारखे दिसतात. त्यामुळे असं घर पावसाळ्यात पाहून पसंत करू नये, मेमध्ये पाहावं.

दुसरी गोष्ट म्हणजे पट्टा. दार-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, ज्याला लिंटल बँड म्हणतात. गाठोड्याला दोरी बांधावी तसा तो चारी भिंतींना बांधून ठेवतो. भूकंपात विटांची भिंत आडवी ढकलली गेली की कोपऱ्यातून उघडते. पट्टा असेल तर उघडत नाही. आपल्या देशाच्या भारतीय मानकात हे १९६७ पासून लिहिलेलं आहे. पण मानकात लिहिणं वेगळं आणि प्रत्येक इमारतीत पट्टा असणं वेगळं. दार-खिडकीपुरता तुटक लिंटल टाकून काम भागवलेल्या इमारती पुष्कळ आहेत.

आणि भूकंपाची भीती तेव्हा जबलपुरात कुणाला होती? नर्मदामाईच्या काठचं, पक्क्या खडकावरचं गाव. १९२७ मध्ये सोन खोऱ्यात आणि १९३८ मध्ये सातपुड्यात मोठे भूकंप झाले होते, ते लोक विसरून गेले होते.

२२ मे १९९७

पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. आम्ही गच्चीवर झोपलो होतो. मेचा उकाडा, अर्धं जबलपूर अंगणात नाहीतर गच्चीवर. आधी आवाज आला, मालगाडी घराखालून जावी तसा. मग गच्चीच हलली. आईनं रामाचा धावा सुरू केला. काही सेकंदांत संपलं, पण नंतर आम्ही कितीतरी रात्री मैदानात काढल्या.

भूकंप साधारण ६ रिश्टरचा होता. जबलपूर, मंडला, सिवनी, छिंदवाडा या जिल्ह्यांत नुकसान झालं, सुमारे चाळीस माणसं गेली. तुलनेसाठी किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३, तीव्रता जवळपास तशीच, वेळही पहाटेचीच, आणि तिथे हजारोंनी माणसं गेली. फरक कशामुळे? किल्लारीचा भूकंप जमिनीच्या अगदी वरच्या थरातला होता, आणि घरं मातीत रचलेल्या जड दगडांची. जबलपूरचा सुमारे ३५ किलोमीटर खोल. धक्का दूरवर पसरला, पण एका जागी तितका घातक झाला नाही. शिवाय माणसं बाहेर झोपली होती. मदनमहालजवळची ती तोल साधून बसलेली शिळाही जागची हलली नाही. आमचे लोक आजही पाहुण्यांना ती दाखवून तेच सांगतात.

पण अभियंत्यांच्या दृष्टीनं जबलपूरचा भूकंप वेगळ्याच कारणानं महत्त्वाचा ठरला. आधीच्या भूकंपांत पडली ती प्रामुख्यानं खेड्यातली माती-दगडाची घरं. इथे पहिल्यांदा एका मोठ्या शहरातल्या आधुनिक, काँक्रीटच्या खांबांवर उभ्या इमारतींची परीक्षा झाली. आणि त्यांतल्या काही नापास झाल्या.

मातीत रचलेल्या विटांच्या भिंती कोसळल्या, ते अपेक्षितच होतं. पट्टा नसलेल्या पक्क्या घरांत कोपऱ्यांतून, खिडक्यांच्या कडांतून तिरपे तडे गेले. पण चार-पाच मजली, अलीकडेच बांधलेल्या काही इमारतींत वरचे मजले जवळपास शाबूत आणि तळमजल्याचे खांब मात्र फुटलेले. काँक्रीट गळून पडलेलं, आतल्या सळ्या वाकून बाहेर आलेल्या. एका ठिकाणी तर अगदी धडाच मिळाला. शेजारी-शेजारी दोन सारख्या इमारती. एकीचा तळमजला पार्किंगसाठी उघडा, दुसरीच्या तळमजल्यावर भिंती. उघड्या तळमजल्याच्या इमारतीचे खांब फुटले, शेजारणीचं नुकसान किरकोळ.

असं का होतं? वरच्या प्रत्येक मजल्यावर खोल्यांच्या भिंती असतात, त्यामुळे वरचा भाग एका घट्ट पेटीसारखा होतो. खाली मात्र नुसते खांब. चार बारीक काटक्यांवर लोखंडी कपाट ठेवा आणि जमीन हलवा. कपाटाला काही होत नाही, काटक्या मोडतात. आणि काटक्या मोडल्या की कपाट खाली येतं. जबलपुरात कपाट खाली आलं नाही, म्हणून आपण विसरलो. चार वर्षांनी, २६ जानेवारी २००१ ला, भुजचा भूकंप झाला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये कितीतरी बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांत उघड्या तळमजल्याच्या बऱ्याच होत्या. जबलपूरनं दिलेली सूचना अहमदाबादला महागात पडली.

दोन नव्हे, तीन पिढ्या

त्यानंतर नियम बदलले. २००२ मध्ये भूकंपाचं भारतीय मानक नव्यानं आलं. त्यात उघड्या तळमजल्याचे खांब आणि तुळया हिशेबात येणाऱ्या बलाच्या अडीच पट बलासाठी करायला सांगितलं. दुसरं एक मानक आहे, खांबातल्या सळ्यांना किती जवळ-जवळ रिंगा बांधायच्या आणि रिंगेचं टोक कसं आत वळवायचं, हे सांगणारं. ते १९९३ चं. पण त्याची सक्ती आधी जास्त धोक्याच्या पट्ट्यांत होती. जबलपूर तेव्हा तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे झोन तीनमध्ये येत होतं, आणि तिथे पाच मजल्यांपर्यंतच्या साध्या राहत्या इमारतींना ते लागू नव्हतं. २००२ च्या दुरुस्तीनंतर झोन तीनमधल्या काँक्रीटच्या सगळ्या इमारती त्यात आल्या.

आता मला माझी चूक कळली. मी पुतणीला 'जुना घे' म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर १९९७ चे ते फुटलेले खांब होते. माझ्या लेखी 'नवा' म्हणजे तीच इमारत. पण ती इमारत आज नवी राहिलेली नाही. तीस वर्षांची झाली आहे.

म्हणजे जुना आणि नवा असे दोन प्रकार नाहीतच. तीन पिढ्या आहेत. पहिली, साधारण १९९० पर्यंतची, भिंतींवर उभी, दोन-तीन मजली. दुसरी, साधारण १९९० ते २००२ मधली, खांबांवर उभी, खाली पार्किंग, पण नव्या नियमांच्या आधीची. तिसरी, २००२ च्या नियमांनंतरची. यांत सर्वांत जास्त तपासून घ्यावी अशी पिढी मधली आहे, आणि जाहिरातीत ती कधी 'जुनी' म्हणून येते तर कधी 'आधुनिक' म्हणून. सरकारी असो की खासगी, हे सारखंच.

दोन गोष्टी मात्र ध्यानात असू द्या. ताबा मिळाल्याची तारीख पाहू नका, नकाशा मंजूर झाल्याची तारीख पाहा. २००५ मध्ये ताबा दिलेली इमारत १९९९ मध्ये आखलेली असू शकते. आणि नुसत्या तारखेवर विसंबू नका, कारण मानक छापलं म्हणून ते पाळलं गेलं असं होत नाही. इमारतीचे स्ट्रक्चरल नकाशे मागा. तळमजल्याचे खांब वरच्यापेक्षा मोठे आहेत का, लिफ्टभोवती काँक्रीटची भिंत आहे का, खांबांच्या वरच्या-खालच्या टोकांना रिंगा शंभर मिलिमीटर किंवा त्याहून जवळ दाखवल्या आहेत का, हे कुठलाही स्थापत्य अभियंता पाहून सांगेल. मधल्या पिढीच्या इमारतीत तुम्ही आधीच राहत असाल तर घाबरून विकायला धावू नका. खांबांना काँक्रीटचं जाकीट घालता येतं, काही खांबांच्या मधे भिंत उभी करता येते. खर्च आहे, पण सगळ्या सभासदांत वाटला तर आवाक्यातला.

पहिल्या पिढीच्या घरात मात्र एक नियम सोन्याचा. भिंत पाडायची नाही. दोन खोल्यांचा हॉल करण्यासाठी, दुकानाला शटर लावण्यासाठी लोक भिंत काढतात. खांबांच्या इमारतीत ती नुसती आडोशाची भिंत असू शकते. भिंतींच्या इमारतीत ती भिंत म्हणजेच खांब. तुमचं घर तुम्ही जपलं आणि खालच्यानं त्याची भिंत काढली, तर तुमच्या जपण्याला अर्थ नाही.

मुंबईचा सल्ला जबलपुरात

या दोन आठवड्यांत जावयाच्या मुंबईच्या मावशींचा फोन आला. "जुनाच घ्या हो! रिडेव्हलपमेंट होईल, फुकटात मोठा फ्लॅट मिळेल." मावशींचं चूक नव्हतं. त्यांच्याकडे म्हाडाच्या जुन्या वसाहतींत हे घडताना त्या रोज पाहतात. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर, आणि वरळीत पहिल्या काही कुटुंबांना २०२५ मध्ये किल्ल्याही मिळाल्या.

पण हे कशाच्या जोरावर चालतं ते पाहा. समजा, एका सभासदाला ६०० चौरस फुटांचं घर फुकट द्यायचं आहे. आकडे फक्त समजण्यासाठी धरू. महागड्या शहरात बांधायचा खर्च फुटाला ५,००० आणि विक्री २०,००० रुपये. सभासदाच्या घराचा खर्च ३० लाख. विकलेल्या प्रत्येक फुटामागे १५,००० सुटतात. म्हणजे २०० फूट जास्त बांधून विकले की खर्च निघाला. आता मध्यम शहर घ्या. खर्च २,५००, विक्री ३,५००. सभासदाच्या घराचा खर्च १५ लाख, फुटामागे सुटतात १,०००. म्हणजे १,५०० फूट जास्त बांधून विकावे लागतील. एका ६०० फुटांच्या घरासाठी एकूण २,१०० फुटांचं बांधकाम! इतका एफएसआय कोण देणार, आणि इतके फ्लॅट घेणार कोण? यात विकासकाचा नफा, मधल्या काळातलं भाडं, कर काहीच धरलेलं नाही.

एकाच आजीची दोन लेकरं वेगळी का वाढली, त्याचं उत्तर इथे आहे. मुंबईत जमिनीचा भाव हाच जुन्या इमारतीचा विमा आहे. मध्य प्रदेशातही 'पुनर्घनत्वीकरण' या बोजड नावाचं धोरण आहे, पण त्याचा रोख मुख्यतः जुन्या सरकारी जागांवर. म्हणून जबलपूर, अमरावती, सोलापूर अशा शहरांत जुनं घर घ्यायचं तर 'पुढे पाडून मोठं मिळेल' या आशेवर घेऊ नये. राहायचं आहे, दुरुस्त करत राहायचं आहे, असं धरूनच घ्यावं.

कागद

जुन्या घराचे कागद म्हणजे कुटुंबाचा इतिहास. मूळ वाटप कुणाच्या नावानं? शेवटचा हप्ता भरल्याची पावती? पट्ट्याची मुदत कधी संपते, नूतनीकरण झालं का, भूभाटक थकलं आहे का, फ्रीहोल्ड करून घेतलं आहे का? मूळ मालक वारले असतील तर नामांतरण झालं का? कित्येक घरांत वडील गेले, आई राहत होती, तीही गेली, आणि कागदावर अजून वडीलच मालक. मुलं तीन गावांत. त्यांतल्या एकाची सही नसेल तर तुमची रजिस्ट्री अर्धवट.

नव्या घराचे कागद वेगळे. २०१६ च्या रेरा कायद्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. त्यात 'प्रवर्तक' या शब्दात सरकारी मंडळं आणि विकास प्राधिकरणंही येतात. म्हणजे घर सरकारी असलं तरी रेरा क्रमांक मागायचा. चटई क्षेत्र किती, हे लेखी मागायचं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो दुरुस्त करणं प्रवर्तकावर बंधनकारक आहे, तेव्हा ताब्याची तारीख जपून ठेवायची. आणि पूर्णत्वाचा दाखला नसेल तर घाई करायची नाही.

एक शेवटचा हिशेब म्हणजे दरमहाचा. जुन्या इमारतीत देखभाल खर्च जवळजवळ नाही, पण त्यामुळे शिल्लकही नाही. गच्ची गळायला लागली की वर्गणी गोळा करण्यात पावसाळा जातो. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप, जनरेटर, रखवालदार. फ्लॅट परवडतो पण मेंटेनन्स परवडत नाही, अशी कुटुंबं मी पाहिली आहेत. हप्त्यात ती रक्कम धरूनच बजेट करावं.

त्यांनी काय ठरवलं

दोन आठवड्यांनी आम्ही एका अभियंत्याला घेऊन दोन्ही घरं पाहिली. जुन्या इमारतीत लिंटलचा पट्टा सलग होता, विटा खणखणीत होत्या. मी मनातून खूश झालो. मग आम्ही खालच्या घरात गेलो. तिथे दोन खोल्यांमधली भिंत काढून ऐसपैस हॉल केलेला. वर नेमकं पुतणीचं होणारं स्वयंपाकघर. अभियंता काही बोलला नाही, फक्त छताकडे बघत राहिला. कागद पाहिले तर पट्ट्याची मुदत संपून गेलेली, नूतनीकरण नाही, आणि मूळ मालकांचे वारस तीन शहरांत.

नव्या इमारतीचे नकाशे मागितले तर दोन फेऱ्यांनंतर मिळाले. नकाशा २००२ नंतरचा, तळाचे खांब मोठे, लिफ्टभोवती काँक्रीटची भिंत. रेरा क्रमांक होता, दाखला होता. पुतणीच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांनी लिफ्टमध्ये पाऊल टाकलं आणि निम्मा निर्णय तिथेच झाला.

त्यांनी नवा घेतला. मी दिलेला सल्ला चुकला, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एवढंच की आता तिची आई पायी जाण्याच्या अंतरावर राहिली नाही. तो हिशेब कुठल्याच नकाशात नसतो. पण खालच्या घरातली ती भिंत शाबूत असती आणि पट्टा चालू असता, तर मी तिला जुनाच घ्यायला सांगितलं असतं, आणि तेही चूक ठरलं नसतं.

तेव्हा मंडळी, आज रात्री एक काम करा. आपली इमारत या तीन पिढ्यांतल्या कुठल्या पिढीची आहे ते शोधा. घरात जुनी फाइल असेल तर उघडा. आणि इमारतीत कुणी भिंत काढायला निघालं असेल, तर संकोच न करता जाऊन विचारा. शेजाऱ्याला थोडा राग येईल, येऊ द्या.